मराठीत भांडता येते, वाद घालता येत नाही!

ग्वाल्हेरातील एका शालेय वादविवाद स्पर्धेची हकीकत, सीमाभागातील पालक-शिक्षकांसाठी

एका नातलगाच्या घरच्या कार्यासाठी आम्ही ग्वाल्हेरला गेलो होतो. कार्य आटोपले, परतीच्या गाडीला दोन दिवस होते. यजमानांची नात नववीत शिकते. तिच्या शाळेत आंतरशालेय वादविवाद स्पर्धा होती आणि ती शाळेच्या चमूत होती. "काका, तुम्ही पेपरात लिहिता ना? मग ऐकायला चलाच," असा तिचा आग्रह. आम्ही गेलो. वार्ताहराची खोड जात नाही. मागच्या रांगेत बसताच खिशातली वही बाहेर आली.

मंचावर दोन बाजूंना दोन टेबले. एकीकडे 'पक्ष', दुसरीकडे 'विपक्ष', मध्ये अध्यक्षांची खुर्ची. समोर तीन परीक्षक आणि घंटा घेऊन बसलेले एक गुरुजी. प्रत्येक वक्त्याला चार मिनिटे. तिसरे मिनिट संपले की एक टोला, चौथे संपले की दोन. भाषण झाल्यावर समोरच्या बाजूने प्रश्न विचारायचे आणि वक्त्याने तिथेच, कागद न बघता उत्तर द्यायचे. फळ्यावर विषय लिहिलेला होता : 'सदन की राय में प्राथमिक शिक्षा मातृभाषा में ही दी जानी चाहिए.' सीमाभागातून आलेल्या माणसाचे कान टवकारावेत असाच विषय!

विपक्षाचा मुलगा चांगला तयारीचा होता. वडिलांची बदली झाली की मुलाची शाळा बदलते, मग प्रत्येक गावी नवे माध्यम कुठून आणायचे, असा त्याचा पहिला मुद्दा. एका वर्गात चार घरभाषांची मुले असली तर शिक्षकाने कोणत्या भाषेत शिकवावे, हा दुसरा. नोकरीच्या जाहिरातीत मातृभाषेचे नावही नसते, हा तिसरा. टाळ्या पडल्या.

मग आमच्या यजमानांची नात उठली. मुलाला आधी समजावे लागते आणि मग वाचता येते, हा क्रम उलटा केला की मूल पाठ करायला शिकते, विचार करायला शिकत नाही, असे तिने सांगितले. घटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाचा आधार दिला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी मिळाव्यात, यासाठी राज्याने व स्थानिक संस्थांनी प्रयत्न करावा, असे तो अनुच्छेद सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, तेही तिने सांगितले. विपक्षाने नोकरीचा प्रश्न पुन्हा काढला तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली की, नोकरीची भाषा मोठेपणी शिकता येते, पण समजून घेण्याची सवय पहिल्या चार वर्षांतच लागते. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. उत्तम वक्त्याचे पारितोषिक तिलाच मिळाले.

सारे भाषण हिंदीत, शुद्ध आणि ओघवत्या हिंदीत. तक्रार करण्यासारखे त्यात काहीच नव्हते. एकच गोष्ट आम्हाला टोचत होती. 'हमारी मातृभाषा' असे ती दर वेळी म्हणाली, तेव्हा तिच्या मनात हिंदी होती. त्या घरात आजीपासून स्वयंपाकघरापर्यंत सारा व्यवहार मराठीत चालतो. मातृभाषेची बाजू मांडून बक्षीस मिळवणाऱ्या मुलीची मातृभाषा त्या सभागृहात कुठेच नव्हती!

घरी आलो. आजींनी नातीच्या हातावर साखर ठेवली. आम्ही सहज म्हणालो, "अगं, आता तेच मुद्दे आम्हाला मराठीत सांग बघू." पोरगी हुशार, लगेच उभी राहिली. दोन वाक्ये झाली. तिसऱ्या वाक्यात 'मतलब' आले, चौथ्यात ती अडली. 'विपक्ष के मित्र' याला मराठीत काय म्हणायचे, 'तर्क' मांडतात की देतात, यावर थबकली. मग हसून म्हणाली, "काका, मराठीत मला आईशी भांडता येतं. वाद नाही घालता येत."

सगळे हसले. आजी मात्र हसल्या नाहीत. परतीच्या प्रवासात आमच्या डोक्यातून ते वाक्य काही केल्या गेले नाही. वाचकहो, हा लेख त्या एका वाक्यासाठीच लिहिला आहे.

लष्करातली मराठी

आपल्या गावांत ग्वाल्हेर म्हटले की शिंदे सरकार आणि ख्याल गायकी एवढेच आठवते. पण मराठी भाषेचे ते एक मोठे ठाणे होते. महादजी शिंद्यांनी उत्तरेत दिल्लीपर्यंत राजकारण केले, त्याची पत्रे मराठीत आणि मोडीत लिहिली जात. पुढे दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली. त्या छावणीचेच शहर झाले आणि त्याचे नाव पडले लष्कर. शिंदे की छावणी, फालका बाजार, महाराज बाडा ही नावे आजही शहरात आहेत. बाडा म्हणजे आपला वाडा. सरदारांबरोबर कारकून आले, पुरोहित आले, वैद्य, शिक्षक आणि गवई आले.

सीमाभागाचे तर ग्वाल्हेरशी जुने देणेघेणे आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी दक्षिणेत आणून रुजवली, त्यांच्याकडे मिरजेत शिकलेले विष्णू दिगंबर पलुस्कर हे कुरुंदवाडचे. सावंतवाडीकडचे रामकृष्णबुवा वझे गाणे शिकायला ग्वाल्हेरला निसार हुसेनखाँसाहेबांकडे गेले. १९१८ साली भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली आणि माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने तिथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. राजकवी भा. रा. तांबे यांनी याच शहरात १९४१ साली देह ठेवला. झाशीच्या राणीवरची त्यांची कविता महाराष्ट्रातल्या पिढ्यांनी शाळेत म्हटली. राणीची समाधीही ग्वाल्हेरातच आहे. पण त्या समाधीपाशी उभ्या राहिलेल्या आजच्या मुलाला सुभद्राकुमारी चौहानांची हिंदी कविता पाठ असते, तांब्यांची नसते. त्यात त्या मुलाचा दोष नाही. त्याच्या पाठ्यपुस्तकात जी होती ती त्याला येते.

१९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरले. अध्यक्ष होत्या कुसुमावती देशपांडे. संमेलनाच्या अध्यक्षपदी आलेल्या त्या पहिल्या महिला. आजी तेव्हा शाळकरी वयाच्या. त्या संमेलनाची आठवण काढताना त्यांचा चेहरा उजळला. "शहरभर मराठी ऐकू येत होती हो," एवढेच त्या म्हणाल्या.

मग झाले काय? ग्वाल्हेरात मराठीवर कुणी बंदी घातली का? मराठी पाट्या कुणी पुसल्या का? तसे काहीही झाले नाही. १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो भाग मध्य प्रदेशात गेला. तारीख नीट वाचा. त्याच दिवशी बेळगाव आणि कारवारचे मराठी भाषक म्हैसूर राज्यात गेले. आपल्याकडे त्या दिवशी काळ्या फिती लागतात. ग्वाल्हेरात लागल्या नाहीत, आणि लागण्याचे कारणही नव्हते. तिथली बहुसंख्य जनता पूर्वीपासून हिंदीच्या बोली बोलणारी, मराठी माणूस मूठभर आणि बाहेरून आलेला. शाळा, कचेरी, बाजार हिंदीत चालणे हे तिथे न्यायाचेच होते. हिंदीने मराठी माणसाला प्रेमाने जवळ केले आणि मराठी माणसानेही तिला आपले मानले.

तरीही मराठी मागे सरली. देवघरात राहिली, ताटावर राहिली, लग्नाच्या याद्यांत राहिली. सभेतून मात्र गेली. भाषेला मागे सारायला दरवेळी शत्रू लागत नाही, ही गोष्ट आपण सीमाभागातल्या लोकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

व्यासपीठ ज्या भाषेचे...

ग्वाल्हेरच्या वादविवादाची गोष्ट निघाली की एक नाव टाळता येत नाही. अटलबिहारी वाजपेयी. २५ डिसेंबर १९२४ ला ग्वाल्हेरात शिंदे की छावणीत त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णबिहारी हे शाळामास्तर आणि हिंदीचे कवी. तिथल्याच व्हिक्टोरिया कॉलेजात अटलजी पदवीपर्यंत शिकले. त्या कॉलेजला आता महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव आहे. या कॉलेजच्या वादविवादातून त्यांचे बोलणे घडले. अलाहाबादच्या एका स्पर्धेला जाताना गाडी उशिरा पोचली, बाकी वक्त्यांची भाषणे संपत आली होती, तशा धुळीने माखलेल्या कपड्यांतच ते बोलायला उभे राहिले आणि पहिले आले, ही त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाणारी आठवण.

१९५७ साली ते लोकसभेत गेले. परराष्ट्रमंत्री असताना ४ ऑक्टोबर १९७७ रोजी त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हिंदीतून भाषण केले आणि पुढे तीनदा पंतप्रधानपदाची शपथ घेतली. कॉलेजच्या स्पर्धेपासून जगाच्या सभेपर्यंतचा हा रस्ता त्यांनी आपल्या भाषेतून चालून दाखवला. आपल्या भाषेत सभा जिंकता येते, हे मुलाला एकदा कळले की ती भाषा तो कधी सोडत नाही.

याच मुलखातल्या दोन सख्ख्या भावांची गोष्टही मराठी वाचकांनी ऐकावी अशी आहे. गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १९१७ साली ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा. वडील संस्थानच्या पोलिसात. घर मराठी. गजाननराव हिंदीत लिहू लागले आणि आधुनिक हिंदी कवितेत त्यांचे नाव पहिल्या रांगेत घेतले जाते. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहू लागले, नागपूरला प्राध्यापक झाले, आणि १९७९ साली मराठीसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. आई एक, घर एक, घरात बोलली जाणारी भाषा एक. पण एकाचे सोबती, वाद घालणारे मित्र आणि मासिके हिंदीतली, तर दुसऱ्याची मराठीतली. ग्वाल्हेरात जन्मलेले प्रभाकर माचवे हेही मराठी घरातले आणि हिंदीत नावारूपाला आले. या मंडळींनी मराठीशी द्रोह केला, असे कुणी म्हणू नये. हिंदीला त्यांनी मोठे धन दिले. पण माणूस ज्या भाषेत समोरच्याशी मुद्द्यांवर भिडतो त्या भाषेत त्याची बुद्धी वाढते, एवढे यातून दिसते.

आपल्याकडचे उदाहरण

हे सारे दूरच्या मुलखाचे झाले, असे कुणी म्हणेल. मग घरचे उदाहरण घ्या. बॅरिस्टर नाथ पै. जन्म वेंगुर्ल्याचा, शिक्षण बेळगावचे. गंमत पाहा : वाजपेयी ज्या १९५७ सालच्या निवडणुकीतून पहिल्यांदा लोकसभेत गेले, त्याच निवडणुकीतून राजापूर मतदारसंघातून नाथ पै तिथे पोचले. एक ग्वाल्हेरच्या व्यासपीठावर घडलेला, दुसरा बेळगावच्या मातीत. दोघेही सभागृह गाजवणारे. १९६७ च्या गोलकनाथ निकालाने मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेचा अधिकार काढून घेतला, तेव्हा तो परत मिळवण्यासाठी नाथ पैंनी खासगी विधेयक आणले. 'नाथ पै विधेयक' म्हणूनच ते ओळखले जाते. विरोधकांचे म्हणणे ऐकून घ्यायचे, त्यातले बरोबर ते मान्य करायचे आणि मग आपला मुद्दा ठेवायचा, ही त्यांची ख्याती होती. १७ जानेवारी हा आपला हुतात्मा दिन. १९७१ साली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १८ जानेवारीला, बेळगावातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

१९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राची मागणी ठरावाच्या रूपाने पुढे आली. ठराव म्हणजे काय? एकाने मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, तिसऱ्याने दुरुस्ती सुचवायची, चौथ्याने विरोध करायचा आणि मग मत घ्यायचे. आपल्या चळवळीचा जन्मच मुळी असा वादविवादातून झालेला आहे. त्या चळवळीच्या गावांत आज शाळेतल्या मुलाला मराठीत ठराव मांडता येतो काय? प्रत्येकाने आपल्या गावापुरते उत्तर द्यावे.

वक्तृत्व वेगळे, वाद वेगळा

"आमच्या शाळेत स्पर्धा होतात की," असे मुख्याध्यापक सांगतील. होतात. शिवजयंतीला होतात, १५ ऑगस्टला होतात, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा दिनी होतात. पण त्या वक्तृत्वाच्या. भाषण गुरुजींनी लिहिलेले असते, आई पाठ करून घेते, मूल हातवारे करून म्हणून दाखवते आणि मध्ये एक वाक्य विसरले की रडू कोसळते. वक्तृत्वाला आम्ही कमी लेखत नाही. पुण्याची वक्तृत्वोत्तेजक सभा १८७५ साली निघाली, न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनी ती काढली, तेव्हापासून मराठीत बोलण्याची मोठी परंपरा आहे. पण पाठ केलेल्या भाषणात मुलाला आपली भाषा वापरावी लागत नाही. ती फक्त म्हणावी लागते.

वादात तसे चालत नाही. समोरचा काय बोलेल हे आधी कळत नाही. ऐकावे लागते, मनात टिपावे लागते, आणि 'तुमचे हे म्हणणे मान्य, पण...' अशी सुरुवात करून तिथल्या तिथे शब्द शोधावे लागतात. कारण, परिणाम, अपवाद, पुरावा, तुलना यांचे शब्द घरात लागत नाहीत. आईशी भांडताना तर मुळीच लागत नाहीत. ते फक्त अशा मंचावरच जिभेवर येतात. ग्वाल्हेरच्या त्या मुलीला हे सारे शब्द हिंदीत येत होते, कारण हिंदीत तिला कुणीतरी मंचावर उभे केले होते. मराठीत तिला कुणी उभेच केले नव्हते.

आपल्या जुन्या न्यायशास्त्राने बोलण्याचे तीन प्रकार केले आहेत. खरे काय ते शोधण्यासाठी बोलणे तो वाद. फक्त जिंकण्यासाठी बोलणे तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडून काढत बसणे ती वितंडा. वितंडवाद हा शब्द आपल्या गावच्या कट्ट्यावरही सर्वांना ठाऊक आहे, कारण तो रोज तिथे चालतो. निवडणूक आली की जल्पालाही ऊत येतो. वाद मात्र दुर्मीळ झाला आहे.

"पोरं उलटून बोलतील!"

आम्ही ही कल्पना गावी परतल्यावर चार लोकांना सांगितली. पहिला आक्षेप एका ज्येष्ठ शेतकऱ्याचा. "आधीच पोरं ऐकत नाहीत, त्यात वाद घालायला शिकवा म्हणजे रोज उलटून बोलतील." यावर आमचे उत्तर असे की, वादविवादात मुलाला आधी चार मिनिटे गप्प बसून दुसऱ्याचे ऐकावे लागते. मध्ये बोलले तर गुण कापतात. आपल्या किती घरांत, किती ग्रामसभांत एक माणूस चार मिनिटे दुसऱ्याचे ऐकून घेतो?

दुसरा आक्षेप एका तरुण पालकाचा. "आमची मुले इंग्रजी माध्यमात आहेत, त्यांना मराठी वादविवादाचा काय उपयोग?" खरी अडचण इथेच आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच खटल्यात निकाल दिला की, प्राथमिक शाळेचे माध्यम सरकार लादू शकत नाही, ती निवड पालकांची आहे. म्हणजे कन्नड माध्यमाची सक्ती करता येत नाही, तशी मराठी माध्यमाचीही नाही. निवड आपली, म्हणून जबाबदारीही आपली. इंग्रजी माध्यमात मूल घालणाऱ्याला आम्ही दोष देत नाही, पोटाचा प्रश्न सर्वांना आहे. पण त्या मुलाची मराठी उद्या ग्वाल्हेरच्या मुलीसारखी स्वयंपाकघरापुरती उरेल. मराठी शाळेतल्या मुलापेक्षा त्यालाच रविवारच्या वादविवादाची अधिक गरज आहे.

तिसरा आक्षेप चळवळीतल्या एका कार्यकर्त्याचा. "सीमाप्रश्न सुटल्याशिवाय अशा स्पर्धांनी काय होणार?" महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तिथला युक्तिवाद वकील करतील. पण तालुक्याच्या कचेरीतला युक्तिवाद कोण करणार? घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाप्रमाणे कोणत्याही नागरिकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. हक्क कागदावर आहे. मराठीत मुद्देसूद अर्ज लिहिणारा, कलम सांगणारा, अधिकाऱ्याचे ऐकून शांतपणे उत्तर देणारा तरुण गावात नसेल, तर तो हक्क कागदावरच राहील. घोषणा द्यायला छाती लागते, ती आपल्याकडे आहे. बाजू मांडायला सराव लागतो.

करायचे काय?

खर्च काही नाही. एक खोली, एक घड्याळ, एक घंटा आणि फळा. घंटा नसेल तर स्टीलचे ताट चालेल. सहा मुले पुरेत, तीन इकडे, तीन तिकडे. विषय आठवडाभर आधी सांगावा, पण बाजू आयत्या वेळी चिठ्ठ्या टाकून द्यावी, म्हणजे मुलाला दोन्ही बाजूंचा विचार करून यावे लागते. भाषण मोठ्यांनी लिहून देऊ नये, हा नियम मात्र कडक पाळावा. मूल अडले तर अडू द्यावे. अडल्यावर जो शब्द सापडतो तो जन्मभर राहतो.

विषय गावचेच घ्यावेत. नदीचे पाणी आधी उसाला की जोंधळ्याला? जत्रेचा खर्च कमी करावा की नाही? शाळेत मोबाइल आणू द्यावा काय? मराठी माध्यम की इंग्रजी? विषय मुलांच्या पायाखालचा असला की शब्द आपोआप येतात.

परीक्षकांना एक विनंती. सीमाभागातल्या मुलांची मराठी पुण्याच्या पुस्तकासारखी नसते. तिच्यात कन्नडचे शब्द आहेत, कोकणीचा हेल आहे. त्याबद्दल गुण कापू नका. मुद्दा ठाम असेल तर बोली अडचण होत नाही. बोलीला हसणारा परीक्षक एका मुलाचे तोंड बंद करतो आणि ते पुन्हा सहजी उघडत नाही.

आणि जमेल तिथे हीच स्पर्धा पुढच्या महिन्यात कन्नडमध्येही घ्यावी. ज्याला समोरच्याची भाषा येत नाही, त्याला समोरच्याचा मुद्दा खोडता येत नाही. ग्वाल्हेरच्या मुलीची हिंदी उत्तम आहे याचे आम्हाला दुःख नाही, कौतुक आहे. दुःख एवढेच की तिच्या दोन भाषांपैकी एकच सभेत चालते. आपल्या मुलांच्या दोन्ही चालाव्यात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. गावोगावी पेढे वाटले गेले, आम्हीही खाल्ले. मान मिळाला, आनंद आहे. पण तो दर्जा मराठीच्या कालपर्यंतच्या थोरवीला मिळाला आहे. उद्याची मराठी नववीतल्या मुलामुलींच्या तोंडी असणार.

ग्वाल्हेरहून निघताना आजींनी आम्हाला दारापर्यंत सोडले. म्हणाल्या, "तुमच्याकडे अजून सगळं गाव मराठी बोलतं ना? मग तुम्हाला काय काळजी!" आम्ही मान हलवली आणि रिक्षात बसलो. त्यांना खरे उत्तर तिथे द्यायला हवे होते. ते आज इथे देतो आहोत : आजी, गाव अजून मराठीत बोलते, मराठीत भांडतेही. आता मराठीत वाद घालायला शिकवायचे आहे, आणि ते काम तुमच्या नातीच्या वयाच्या मुलांपासून, याच वर्षी सुरू करायचे आहे.

ज्या शाळेला, ज्या मंडळाला ही स्पर्धा भरवायची असेल, त्यांनी तारीख ठरवून आम्हाला कळवावे. वही घेऊन मागच्या रांगेत बसायला आम्ही येऊ.